चादरीखालचा श्वास

सावकाश बसा. पाठ टेकवली तरी चालेल.

डोळे मिटायलाच हवेत असं नाही. नजर थोडी सैल पडली की पुरे.

आज एका कुत्र्याजवळ बसायचं आहे.

हा कुत्रा सिनेमातला. सिनेमा छोटासा, अर्ध्या तासाचा. साल १९८४. सगळं जग रंगीत सिनेमे काढत होतं तेव्हा हा मुद्दाम काळ्यापांढऱ्यात काढलेला. नाव ‘फ्रँकनवीनी’. त्यात व्हिक्टर नावाचा एक शाळकरी मुलगा आहे, आणि त्याचा स्पार्की.

तुम्ही तो पाहिला नसेल तर काही अडणार नाही. पाहिला असेल तर आठवण्याचा आटापिटा करू नका. त्यातल्या एकाच जागी जाऊन आपल्याला थांबायचं आहे. एक चादर. चादरीखाली कुत्रा.

तिथवर पोचायला थोडा वेळ लागेल. लागू द्या.

•

आधी रंग उतरवू.

हाताशी असेल ती एखादी वस्तू पाहा. पेला, पुस्तक, खिडकीचा पडदा, काहीही. आता तिचा रंग मनातल्या मनात काढून घ्या. हिरवा गेला. तांबडा गेला.

काय उरलं?

उजेड कुठून येतोय ते उरलं. वस्तूची कड उरली. कडेपलीकडची सावली उरली.

अजून थोडं पाहा. काठावर उजेडाची एखादी बारीक रेघ असेल. रंग होता तेव्हा ती दिसत होती का?

अशाच उजेडात स्पार्की उभा आहे. बुल टेरियर जातीचा. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकाच उतारात गेलेलं लांबट डोकं, बारीक तिरपे डोळे, अंगाला चिकटून बसलेले आखूड केस. देखणा म्हणावा असा मुळीच नाही. मला तर या जातीचं तोंड नेहमी थोडं विनोदी वाटतं, आणि म्हणूनच त्याच्यावरून नजर हलत नाही.

हलवू नका.

श्वास घ्या. सोडा.

तो काही करत नाहीये. आपल्यालाही काही करायचं नाहीये.

•

आता बैठकीची खोली. दिवे घालवलेले. प्रोजेक्टरची एकसारखी टरटर.

ऐका ती. फिल्म पुढे सरकतेय. उजेडाच्या झोतात धुळीचे कण तरंगतायत. एक कण निवडा. तो वर जातो की खाली, एवढंच पाहा.

घरची माणसं पडद्याकडे तोंड करून बसली आहेत. व्हिक्टरने स्वतः काढलेला सिनेमा चालू आहे, फार फार पूर्वीच्या राक्षसांचा. राक्षस कोण? स्पार्की. अंगावर काटेरी सोंग चढवून त्याला अक्राळविक्राळ करून टाकलंय.

सिनेमाच्या पोटात आणखी एक सिनेमा, आणि तो याहून स्वस्तातला. बाहेरच्याला सुमारे दहा लाख डॉलर लागले. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लर. आतल्याला लागले असतील पोराच्या खाऊचे पैसे. दोघांकडे खरं भांडवल एकच: अंगावर काहीही चढवलं तरी उभा राहणारा कुत्रा.

राक्षसाकडे पाहा. काटे पाहा. त्यांची हलती सावली पाहा.

मग काट्यांच्या मागे पाहा. तिथे शेपूट आहे.

सिनेमातलं कुठलंही कुत्रं नीट पाहिलं तर एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. त्याची नजर पुष्कळदा चौकटीच्या बाहेर लागलेली असते. तिथे त्याला शिकवणारं माणूस उभं असतं. त्या माणसाचा हात वर जातो की खाली, मूठ उघडते की मिटलेलीच राहते, सगळं लक्ष तिकडे. कथेत काय चाललंय याचा कुत्र्याला पत्ता नसतो. आपण राक्षस आहोत हे त्याला ठाऊक नाही. पुढे आपल्याला मरायचंय, हेही नाही.

ते लक्ष पाहा.

कान पुढे आलेले. मान जराशी तिरकी. तोंड मिटलेलं, कारण फार लक्ष लागलं की कुत्रं धापा टाकायचंही थांबवतं.

इतकं लक्ष तुमच्याकडे कधी कुणी दिलंय?

उत्तर शोधू नका. प्रश्न तसाच असू द्या, आणि त्या दोन कानांजवळ बसून राहा.

•

अंगण. चेंडू. रस्ता.

चेंडू रस्त्यावर जातो. कुत्रा चेंडूमागे जातो. गाडी येते.

इथे रेंगाळायचं नाही.

फक्त गाडी थांबल्यानंतरची शांतता ऐका. चेंडू अजून कुठेतरी घरंगळत असेल. हळू होत असेल. थांबला.

ज्यांच्या घरात कुत्रं होतं आणि आता नाही, त्यांना ही शांतता ओळखीची असते. कुलपात किल्ली फिरली की आतून फरशीवर नखांची टकटक यायची, ती येत नाही. साखळी दारामागच्या खिळ्याला तशीच लोंबते. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा हात सवयीने बाजूला काढतो, ताटाखाली नेतो, आणि तिथे कुणी नसतं. तुकडा बोटांतच राहतो.

तो तुकडा थोडा वेळ हातात असू द्या.

त्याचा कोरडेपणा. त्याची कडेला करपलेली बाजू.

श्वास घ्या. सोडा.

खायचा की ठेवून द्यायचा, हे आत्ता ठरवायला नको.

•

वर्ग. फळा. टेबलावर मेलेला बेडूक.

मास्तर बेडकाला वीज लावतात. पाय झटका देतो.

या झटक्यामागे मोठी साखळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानीने बेडकाचे पाय असेच हलताना पाहिले आणि १७९१ साली ते छापून प्रसिद्ध केलं. प्राण म्हणजे वीजच की काय, ही कुजबुज मग युरोपभर पसरली. मेरी शेलीने जिनिव्हाच्या सरोवराकाठी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुस्तक आलं १८१८ साली. जेम्स व्हेलचा बोलपट आला १९३१ साली. आणि कॅलिफोर्नियातल्या बर्बँक गावात असले बोलपट पाहत वाढलेला एक मुलगा, टिम बर्टन, पंचविशीत त्याच गावातल्या डिस्नीच्या स्टुडिओत हा कुत्र्याचा सिनेमा काढायला बसला.

साखळी हातात धरून पाहिली. आता खाली ठेवा.

वर्गात परत या.

सगळी मुलं बेडकाकडे पाहतायत. तुम्ही व्हिक्टरकडे पाहा. बॅरेट ऑलिव्हर नावाच्या मुलाचा चेहरा आहे तो. वाटोळा नाही, लांबट नाही, शांत. बेडकाचा पाय हलतो आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी थांबतं.

पापणी थांबते. श्वास थांबतो.

तुमचाही थांबला का? असेल तर सोडून द्या.

आपल्याकडच्या गोष्टीत धर्मराजामागून एक कुत्रं चालत स्वर्गाच्या दारापर्यंत जातं. इथे एक पोरगा आपल्या कुत्र्यामागून पाळीव प्राण्यांच्या स्मशानात जातो. हातात फावडं. रात्र. ओली माती.

मातीचा वास घ्या. नुसता वास. बाकीचं त्याचं त्याला करू द्या.

•

आलो आपण.

माळ्यावरची खोली. बाहेर वादळ. आत घरातलीच विजेची उपकरणं, तारा, जोडण्या. प्रयोगशाळेचं भव्य सोंग आणायला पैसे नाहीत, आणि पोराकडे तरी कुठून असणार? जे घरात होतं ते वर आणलंय.

मध्ये टेबल. टेबलावर चादर. चादरीखाली तो.

इथे थांबा.

वीज अजून पडायची आहे. ती पडेल तेव्हा पडेल.

चादर पाहा. पांढरी, आणि कृष्णधवल उजेडात आणखी पांढरी. मधोमध उंचवटा. एका टोकाला उतार, तो लांबट डोक्याचा. दुसऱ्या टोकाला कापड टेबलाला टेकलंय. घड्या पाहा. एक घडी खांद्यापाशी सुरू होते आणि खाली येता येता मावळते.

तिच्यावरून नजर सावकाश खाली आणा. परत वर न्या.

तुमचा श्वास चालू आहे. आत येतोय. बाहेर जातोय.

आता एक साधी गोष्ट लक्षात आणा. कथेत कुत्रा मेलेला आहे. पण अशा सिनेमात काम करतो तो कुत्रा जिवंत असतो. माणूस नट असेल तर कॅमेऱ्यापुरता दम धरतो, छाती हलू देत नाही. कुत्र्याला ‘दम धर’ असं सांगता येत नाही. आडवं हो, हे त्याला शिकवता येतं. हलू नको, हे शिकवता येतं. श्वास घेऊ नको, हे कुणालाच शिकवता आलेलं नाही. म्हणून मेलेलं कुत्रं दाखवायचं झालं की दृश्य चटकन कापावं लागतं, बाहुलं ठेवावं लागतं, नाहीतर अंगावर काहीतरी टाकावं लागतं.

चादरीखाली खरा कुत्रा निजलाय असं धरा.

मग तिथे बरगड्या वर येतायत. खाली जातायत.

पाहा. कापडाचा मधला भाग. आत्ता हलला का? की भास?

पुन्हा पाहा.

मुलगा विजेची वाट पाहतोय. वादळ जवळ आलंय. प्राण आभाळातून यायचा आहे असं त्याने ठरवलंय, आपणही त्याच्या बाजूने धरून चाललोय. आणि इथे टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, एक जिवंत जनावर शांतपणे श्वास घेत पडून आहे.

वर. खाली.

त्याच्या श्वासाशी तुमचा जुळवू नका. कुत्र्याचा आपल्यापेक्षा लवकर येतो, लवकर जातो. तुमचा तुमच्या चालीने चालू दे, त्याचा त्याच्या.

दोन श्वास एका खोलीत. तेवढंच ऐका.

•

त्याच १९८४ साली हाच मुलगा, हा बॅरेट ऑलिव्हर, आणखी एका सिनेमात होता. ‘द नेव्हर एंडिंग स्टोरी’. मिखाएल एंडे यांच्या १९७९ सालच्या जर्मन कादंबरीवरचा, म्युनिकच्या बव्हेरिया स्टुडिओत तयार झालेला, त्या वेळचा जर्मनीतला सर्वांत खर्चिक सिनेमा. तिथेही त्याला एक जादूचं जनावर मिळतं. पांढरा, लांबच लांब ड्रॅगन, पण तोंड कुत्र्याचं. शेवटी पोरगा त्याच्या मानेवर बसून शहरावरून उडतो.

त्या ड्रॅगनची पापणी पाहा. ती लवते तेव्हा आत यंत्र फिरतं, आणि ते यंत्र चालवायला माणसं लागतात. एक डोळा, एक भुवई, ओठांची एक कड, प्रत्येकामागे कुणीतरी हात लावून उभं. सुंदर काम आहे ते. मला तो ड्रॅगन फार आवडतो.

आता स्पार्कीची पापणी पाहा.

लवली.

कुणीच काही केलं नाही.

पुन्हा लवेल. कधी ते सांगता यायचं नाही. वाट पाहा.

•

वीज पडली. मला तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सिनेमातली वीज सगळीकडे सारखीच पडते.

चादर बाजूला झाली.

आता टाके पाहा.

अंगावर जागोजागी शिवण आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना बोल्ट. १९३१ सालच्या बोलपटातल्या राक्षसाचे, कुत्र्याच्या मापाला आणलेले.

एक टाका निवडा. खांद्याजवळचा घ्या.

दोरा कातडीत शिरतो. दिसेनासा होतो. बोटभर अंतरावर वर येतो. दोन टाक्यांमधलं अंतर सारखं नाही. एक लांब, एक आखूड, एक तिरका. शिवणकाम येणाऱ्या बाईने घातलेला हा धावदोरा नव्हे. पहिल्यांदाच सुई धरलेल्या हाताचे टाके आहेत हे.

तो हात डोळ्यांसमोर आणा.

माळ्यावरचा दिवा. मांडीवर जड, थंड, ओळखीचं अंग. सुईच्या नाकात दोरा ओवायचाय. दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलंय. एकदा हुकलं. परत. गेलं.

पहिला टाका.

केस आड येतात. ते बोटाने बाजूला सारायचे. खाली कातडी. सुई टोचायची. दोरा ओढायचा, फार नाही. थोडासा ताण. पुढचा टाका.

वीज एका क्षणात येते आणि जाते. याला मात्र रात्र लागली असेल.

तुम्हीही घाई करू नका. एक टाका. श्वास. पुढचा टाका. श्वास.

मध्येच पोर थांबतं. हात केसांवरून फिरवतं. शिवणीचा त्याच्याशी संबंध नाही. नुसताच फिरवतं, मानेपासून पाठीपर्यंत, केसांच्या दिशेने. रोज फिरवायचं तसा.

तो हात पाहत राहा.

तुमचा तळहात मांडीवर असेल. तळहाताला कापड लागतंय. ऊब लागतेय. तिथे थोडं राहा.

२०१२ साली टिम बर्टनने हीच गोष्ट पुन्हा केली. पूर्ण लांबीची, आणि पुन्हा काळ्यापांढऱ्यात. या वेळी जिवंत कुत्रा नव्हता. लंडनच्या थ्री मिल्स स्टुडिओत बाहुल्या होत्या. बाहुलीला हाताने किंचित हलवायचं, हात मागे घ्यायचा, एक चित्र टिपायचं. परत हात लावायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं. त्या सिनेमात जिवंत झालेला स्पार्की घटाघटा पाणी पितो आणि ते टाक्यांमधून गळायला लागतं. लोक हसतात. हसण्यासारखंच आहे.

पण गळणाऱ्या पाण्याकडे सावकाश पाहा. थेंब शिवणीतून डोकावतो. फुगतो. पडतो. त्या एका थेंबासाठी कुणीतरी किती वेळा हात पुढे केला असेल, किती वेळा मागे घेतला असेल.

पुढे. मागे.

छातीसारखंच.

•

मग लोक घाबरतात.

शेजारी घाबरतात. मेलेला कुत्रा रात्री अंगणातून गेला म्हणजे घाबरणारच. ते व्हिक्टरला ठाऊक नसलेलं असं काही पाहत नाहीत. त्यांनाही टाकेच दिसतात. बोल्ट दिसतात. तिथेच नजर अडकते, शेपटीपर्यंत जात नाही.

स्टुडिओही घाबरला. हा छोटा सिनेमा ‘पिनोकिओ’च्या पुनर्प्रदर्शनाबरोबर दाखवायचा बेत होता. तो बेत बारगळला. सेन्सॉरच्या मंडळींनी ‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली’ असा शेरा मारला आणि लहान मुलांसाठी हा फार भीतिदायक ठरला. पिनोकिओत पोरांची गाढवं होतात आणि बापलेक देवमाशाच्या पोटात जातात, ते चालतं. लाकडात जीव आला तर परीची कृपा, कुत्र्यात आला तर अभद्र. असो. टिम बर्टनला डिस्नी सोडावं लागलं. पण याच अर्ध्या तासाच्या जोरावर त्याला पहिला मोठा सिनेमा मिळाला, १९८५ साली. घरोघरच्या व्हिडिओवर ‘फ्रँकनवीनी’ यायला १९९२ साल उजाडलं.

हा राग माझा. तुम्ही तो घेऊ नका. जाऊ द्या.

तुमच्या मनात भीती आहे का, तेवढं पाहा. शिवणीकडे पाहताना पोटात काही आखडतं का?

आखडत असेल तर त्याला हटकू नका. श्वास तिथवर जाऊ द्या. भीती बसलीय तिथे बसू द्या, आणि नजर हळूच मागे न्या. पाठ. कंबर. शेपूट.

ती हलतेय.

•

शेवटची जागा. उभी राहायला थोडी विचित्र.

जुन्या बोलपटात गावकरी मशाली घेऊन राक्षसाला पवनचक्कीपर्यंत पळवतात. इथे शेजारी कुत्र्याला आणि त्याच्यामागे धावणाऱ्या पोराला पळवत नेतात ते मिनी गोल्फच्या मैदानावर. तिथली पवनचक्की. खेळातली. लोक पैसे भरून आत जातात आणि पात्यांखालून चेंडू ढकलतात, ती. कमी पैशात पवनचक्की आणायची तर यापेक्षा चांगली जागा कुणाला सुचली नसती. मला या सिनेमात सगळ्यांत जास्त हसू इथे येतं आणि पुढच्या मिनिटाला ते जातं.

आग लागते. पोर आत अडकतं, शुद्ध हरपते. कुत्रा त्याला ओढत बाहेर काढतो. पवनचक्की कुत्र्यावर कोसळते.

धूर. राख. लोक उभे.

कुणी काही बोलत नाही.

त्या न बोलण्यात उभे राहा.

या वेळी चादर नाही. कुत्रा उघड्यावर पडलाय. सगळे पाहतायत. आता त्यांची नजर कुठे आहे ते पाहा. टाक्यांवर नाही. मुलाच्या चेहऱ्यावर आहे, आणि तिथून कुत्र्यावर.

मग एक गाडी पुढे येते.

आणखी एक येते. दिवे लागलेले. गाड्या जवळ येऊन उभ्या राहतात. बॉनेट उघडतात. बॅटरी उतरलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीवरून करंट द्यायला वापरतात तसल्या तारा निघतात. चिमटे बोल्टला लागतात.

गाडीनेच गेला होता तो.

इंजिनं ऐका. एक घुरघुरतंय. दुसरं मिसळतंय. एकाचा आवाज जाड, एकाचा बारीक. कुणी ॲक्सिलरेटर दाबतं, आवाज चढतो. उतरतो. पुन्हा चढतो.

आवाजाच्या वर काही शोधू नका. खाली शोधू नका. चढतोय. उतरतोय.

तुमची छातीही तेच करतेय.

लोक वाट पाहतायत. मघाशी ज्यांच्या हातून हे घडलं तेच लोक. हात तारांवर. चेहऱ्यावर गाड्यांच्या दिव्यांचा पांढरा उजेड, आणि त्या उजेडात प्रत्येकाच्या कडेची ती बारीक रेघ. मुलगा गुडघ्यांवर बसलाय.

कुत्र्याच्या बरगड्यांकडे पाहा.

कथा म्हणते, नाही.

पाहत राहा.

मोजू नका. वाट पाहणं मोजलं की लांबतं.

इंजिनं चालू आहेत. दिवे चालू आहेत. तुमचा श्वास आत आला, थोडा थांबला, बाहेर गेला. पुढचा येईल. आणायला लागणार नाही.

आणि एक कान हलतो.

असू द्या. लगेच खूश होऊ नका, तो कान आहे, कानांना सवय असते. त्याच्याकडे नुसतं पाहा. मग दुसरा. मग ते लांबट, विनोदी डोकं उचललं जातं, आणि काय झालं हे काहीही न कळल्यासारखं आजूबाजूला पाहतं. त्याला खरंच काही कळलेलं नाही. तो कुठेच गेला नव्हता.

पोर मिठी मारतं. मिठीत कुत्र्याच्या पाठीवर हात आहे, आणि हाताखाली टाके आहेत. बोटं त्यांच्यावरून जातात, न अडखळता.

तिथे जितका वेळ राहायचं तितका राहा.

मात्र कुत्रा राहणार नाही. गर्दीत एक पूडल आहे. तिच्या डोक्यावरचे केस उंच उभे, बाजूंनी पांढरे पट्टे गेलेले, थेट १९३५ सालच्या बोलपटातल्या राक्षसाच्या नवरीसारखी ठेवण. स्पार्कीचे कान पुढे येतात. मान तिरकी होते. तोंड मिटतं. ज्याने फावडं चालवलं, सुई चालवली, वीज उतरवली, तो मुलगा शेजारीच आहे, आणि त्याच्याकडे आता याचं अजिबात लक्ष नाही.